कागदाचा कुत्रा



राज्यकारभाराची घडी, समाजाची घडी, संसाराची घडी यांविषयी व्याख्यानमालांच्या व्यासपीठांवरून आपण आजवर पुष्कळ ऐकले असेल. ती घडी कोणी बसवली, कोणी विस्कटली आणि आता ती पुन्हा कशी बसवावी, हे सांगणारे वक्ते मोठे आणि त्यांचे विषयही मोठे. माझा विषय अक्षरशः घडीचाच आहे. चौरस कागद घ्यावा, त्याला घड्या घालाव्या आणि त्याचा कुत्रा करावा, एवढाच तो विषय. हे ऐकून माझ्या एका स्नेह्यांनी विचारले, "तासभर बोलण्यासारखे त्यात आहे तरी काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे. तास भरण्याआधी उत्तर संपले तर आपण लवकर घरी जाल. त्यातही आपला काही तोटा नाही.

या कलेला जगभर 'ओरिगामी' म्हणतात. शब्द जपानी आहे. 'ओरि' म्हणजे घडी घालणे आणि 'कामी' म्हणजे कागद. आज तिचा रूढ नियम असा, की कागद एकच, तोही बहुधा चौरस. कात्री नाही, डिंक नाही, दोरा नाही. जे साधायचे ते घडीने साधायचे. नाव जपानी असले तरी घडी ही काही एकट्या जपानची मिरास नव्हे. आपल्या घरांत घडीचे केवढे शास्त्र नांदते ते पाहा. नऊवारीच्या निऱ्या घडीच्या, विड्याचे पान घडीचे, मोदकाच्या कळ्या म्हणजे पिठाच्या घड्याच. वाणी हळदीची पुडी बांधतो तेव्हा कागदाचे शेवटचे टोक तो अशा खुबीने आत खुपसतो, की दोऱ्याचा वेढा न देताही ती पुडी घरी येईपर्यंत सुटत नाही. पहिल्या पावसात ओहोळात होडी सोडली नाही असे मूल आपल्याकडे विरळा. आपली भाषासुद्धा घडी विसरत नाही. नवे लुगडे पहिल्यांदा नेसायचे म्हणजे त्याची 'घडी मोडायची'. तेव्हा आज मी आपल्याला परक्या प्रांतात नेत आहे असे समजू नका. आपल्या हातांना जे ठाऊक आहे त्याच्याच पुढची दोन पावले टाकायची आहेत.

जपानात कागद गेला तो चीनमधून, कोरियामार्गे. तेथे तो आरंभी दुर्मिळ आणि मोलाचा होता, म्हणून घडी घातलेला कागद पूजाविधीत, भेटवस्तूंच्या वेष्टनात, मानपानात आला. मग हळूहळू तो मुलाबाळांच्या हाती गेला. १७९७ साली क्योटो येथे 'सेन्बाझुरु ओरिकाता' नावाचे पुस्तक छापले गेले. त्यात कागदाचे क्रौंच पक्षी घडवण्याच्या रीती आहेत. करमणुकीच्या घडीकामाचे आज माहीत असलेले हे सर्वांत जुने पुस्तक मानतात. क्रौंच हा त्या देशात दीर्घायुष्याचा पक्षी, त्यामुळे ओरिगामी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तोच उभा राहतो. कुत्र्याचा मानही तेथे लहान नाही. बारा प्राण्यांच्या वर्षचक्रात त्याचे स्थान अकरावे. २०१८ हे कुत्र्याचे वर्ष होते, पुढचे २०३० साली येईल. कुत्री सुखाने विते अशा समजुतीने बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला कागदाच्या लगद्याचा, रंगवलेला कुत्रा देण्याची चालही तेथे आहे. तो घडीचा नव्हे, साच्याचा; परंतु कागद आणि कुत्रा यांची जोडी त्या लोकांच्या मनात जुनी आहे, एवढे त्यावरून दिसते.

घडीच्या कुत्र्याला खरा मान मिळवून दिला तो आकिरा योशिझावा या माणसाने. त्यांचा जन्म १९११ सालचा, एका गवळ्याच्या घरातला. तेराव्या वर्षी ते टोकियोला कारखान्यात कामाला लागले. पुढे नकाशे आखण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा नवशिक्या कामगारांना भूमिती समजावून देण्यासाठी ते कागदाच्या घड्यांचा उपयोग करू लागले. १९३७ साली त्यांनी नोकरी सोडली आणि उरलेले आयुष्य घडीला दिले. त्या काळी या व्यवसायावर कोणाचे पोट भरणार? घरोघर फिरून खाद्यपदार्थ विकावे आणि उरलेल्या वेळात घड्या घालाव्या, असे त्यांचे कितीतरी दिवस गेले. चाळिशी उलटल्यावर दैव फिरले. 'असाही ग्राफ' या सचित्र नियतकालिकासाठी त्यांनी वर्षचक्रातील बाराही प्राणी कागदाचे करून दिले. १९५२ च्या जानेवारीत ते छापले गेले आणि योशिझावांचे नाव देशभर झाले. त्या बारांमध्ये उंदीर होता, वाघ होता, नाग होता, आणि कुत्राही होता.

योशिझावांचे दुसरे काम मला याहून मोठे वाटते. १९५४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी घडी लिहून ठेवण्याची एक लिपी रूढ केली. कागद आपल्याकडे वळवायचा असेल, म्हणजे मध्ये दरी पडेल, तेथे तुटक रेषा. कागद पाठीमागे वळवायचा असेल, म्हणजे डोंगराचा कडा वर येईल, तेथे रेघ आणि टिंब, रेघ आणि टिंब. कोठून कोठे न्यायचे ते बाण सांगतो. एवढीच ती बाराखडी. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हार्बिन आणि अमेरिकेत सॅम्युअल रँडलेट यांनी तीत भर घातली आणि आज ती सगळ्या जगाची झाली आहे. तोवर घडी ही आजीकडून नातीकडे, हातातून हातात जात असे. आजी गेली की तिच्याबरोबर पाच-सात घड्याही जात. या लिपीमुळे जपानी भाषेचे एक अक्षर न येणारा साताऱ्याचा मनुष्य टोकियोत छापलेले पुस्तक उघडून त्यातला कुत्रा करू शकतो. संगीताला स्वरलेखनाने जे दिले, तेच या रेषांनी घडीला दिले.

आता थोडे प्रात्यक्षिक करू. आपल्यापैकी अनेकांच्या हाती कार्यक्रमाचे पत्रक आहे. ते आयताकृती आहे, तेव्हा आधी त्याचा चौरस करून घ्या. पत्रकाची आखूड कड लांब कडेवर तिरकी आणून बसवा, त्रिकोण होईल. खाली जी पट्टी उरेल तिची घडी नखाने दोन्ही बाजूंनी दाबा आणि पट्टी हलकेच फाडून काढा. झाला चौरस. एक कर्णघडी तर त्याला आधीच पडलेली आहे. त्याच घडीवर तो पुन्हा मिटा. त्रिकोणाची लांब बाजू वर, टोक खाली, आपल्या पोटाकडे. डावे टोक उजव्या टोकावर नेऊन मधोमध एक घडी घाला आणि ती पुन्हा उघडा. ही चेहऱ्याची मध्यरेषा. आता वरची दोन टोके, एक डावीकडचे आणि एक उजवीकडचे, तिरकी खाली वळवा. हे कान. खालच्या टोकाला कागदाचे दोन पदर आहेत. वरचा पदर थोडासा वर वळवा, ते नाक. खालचा पाठीमागे वळवा, ती हनुवटी. पेन असेल तर दोन डोळे काढा. सहा-सात घड्यांत कुत्रा आपल्याकडे पाहू लागेल. कानाची हीच टोके खाली न वळवता वर उभी केली असती तर मांजर झाले असते. प्राण्यांच्या जातीतले एवढे मोठे वैर कागदावर केवळ कानांच्या दिशेवर उभे आहे!

आता मी ज्यासाठी हा विषय निवडला त्या मुद्द्यावर येतो. आपण घड्या घालत असताना सभागृहात एक गंमत घडली. चौरस करताना कोणी काही विचारले नाही. कर्णघडीच्या वेळी कोणी अडले नाही. मध्यरेषेलाही अडचण आली नाही. कानापाशी आलो आणि चहूकडून एकच प्रश्न आला, "कान नेमका कोठून वळवायचा?" प्रश्न विचारणारी सारी मंडळी मोठी होती. पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांपैकी कोणी तो विचारला नाही. त्यांनी कान वळवून टाकले होते.

या प्रश्नाचे उत्तर घडीच्या शास्त्रात असे आहे. काही घड्यांना खूण असते. टोकावर टोक, कडेवर कड, घडीवर घडी: असे सांगितले की ती घडी जगात कोठेही, कोणाच्याही हातून, एकाच जागी पडते. काही घड्यांना अशी खूण नसते. तेथे पुस्तकातसुद्धा नुसते चित्र असते आणि पुढचे आपल्या नजरेवर सोडलेले असते. क्रौंच पक्षी जवळजवळ सगळा पहिल्या जातीच्या घड्यांचा आहे. शेवटची मान आणि चोच सोडली तर त्यात नजरेचे काम थोडे. नेटकेपणाचे आणि धीराचे काम फार. म्हणून हजार माणसांनी केलेले हजार क्रौंच एका माळेत शोभतात. हिरोशिमाच्या बाँबनंतर दहा वर्षांनी, १९५५ साली, रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या सादाको सासाकी या बारा वर्षांच्या मुलीच्या आठवणीसाठी जगभरची मुले क्रौंचांच्या माळा पाठवतात. त्या माळांचे सामर्थ्यच या एकसारखेपणात आहे. तेथे कोणाचा पक्षी वेगळा दिसण्याची गरज नाही. सगळ्यांची इच्छा एकच असते.

कुत्र्याचे तसे नाही. त्याच्या कानाला खूण नाही. घडी मध्यरेषेच्या जवळून घेतली तर कान मोठे, लोंबते, आणि मुद्रा गरीब. दूरून घेतली तर कान लहान आणि चेहरा रुंद, राखणदाराचा. टोक बाहेरच्या बाजूला झुकवले तर कुत्रा हुशार वाटतो. सरळ खाली सोडले तर म्हातारा वाटतो. नाकाचा पदर जरा जास्त वळवला की पिल्लू झाले. आता आपण आपल्या शेजाऱ्याच्या हातात पाहा. घड्या त्याच, सांगणारा तोच, आणि दोन कुत्र्यांची तोंडे सारखी नाहीत. एकदा मुलांच्या एका मेळाव्यात एका लहान मुलीचा एक कान खाली वळला आणि दुसरा अर्धाच वळून उभा राहिला. शेजारचा मुलगा म्हणाला, "तुझे चुकले." ती शांतपणे म्हणाली, "चुकले नाही. हा ऐकतोय." मी गल्लीतल्या कुत्र्यांकडे पाहिले तेव्हा कळले, की दूर कोठे भांड्याचा आवाज झाला म्हणजे कुत्रा खरोखरच असाच एक कान उचलतो. त्या मुलीने पुस्तक पाहिले नव्हते, पण कुत्रा पाहिला होता.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे: क्रौंच शिकावा आणि कुत्रा करावा. क्रौंचाने हाताला वळण लागते. टोकाला टोक नीट न जुळवल्याचा परिणाम दहाव्या घडीला कसा भोगावा लागतो ते त्याच्यापासून शिकावे. पण तेथेच थांबलो तर आपण चांगले नक्कलकार होऊ, याहून अधिक काही होणार नाही. मोठ्या माणसांच्या आयुष्यात खुणा आखून दिलेल्या घड्याच फार असतात. शाळेत अपेक्षित प्रश्नसंच, कचेरीत छापील नमुना, घरात रूढी. टोकावर टोक बसवण्यात आपला जन्म जातो; आणि जेथे खूण नाही असा एक कान समोर आला की आपण भांबावून इकडेतिकडे पाहू लागतो. छंदाची खरी जागा हीच आहे. कान चुकीच्या जागी वळला म्हणून कोणाची नोकरी जात नाही, कोणाचे नुकसान होत नाही. नजरेवर विसंबून पाऊल टाकण्याचा सराव इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळणार नाही.

मात्र नजर ही आपोआप येत नाही. ती कुत्रा पाहून येते. पाश्चात्त्य आणि जपानी पुस्तकांत जे कुत्रे भेटतात ते बहुधा डॅक्सहंड, पूडल, टेरियर, नाहीतर जपानचा शिबा. आपल्या आळीतला गावठी कुत्रा निराळा. त्याची कंबर बारीक, पाय उंच, शेपटी पाठीवर कमानीसारखी वळलेली. कान उभे असतात, पण टोकाशी कित्येकदा मुडपलेले. उन्हाळ्यात तो हातगाडीखाली पाय ताणून पडतो आणि थंडीत वाळूच्या ढिगावर नाक शेपटीत खुपसून भाकरीसारखा गोल होतो. आपल्याकडे कुत्र्याला देवाधर्मात जागा आहे. दत्ताच्या पायाशी तो आहे, खंडोबाच्या बरोबर तो आहे, धर्मराजाच्या मागोमाग स्वर्गाच्या दारापर्यंत तो गेला आहे; आणि कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर आपण बालपणापासून ऐकत आलो. इतके असून त्याची शेपटी कोणत्या बाजूला वळते हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल? कागद हातात घेतला की हे पाहावेच लागते. सगळे दाखवता येत नाही, म्हणून काय टाकायचे आणि काय ठेवायचे ते ठरवावे लागते. केस टाका, रंग टाका, डोळेसुद्धा टाका. कान, कंबर आणि शेपटी ठेवा. कुत्रा ओळखू येतो.

नुसता चेहरा सोडून सबंध कुत्रा करू लागलो की एक नवी अडचण उभी राहते. चौरसाला टोके चार. कुत्र्याला पाय चार, शिवाय डोके आणि शेपूट, आणि डोक्यावर दोन कान. टोके आणायची कोठून? सोपा मार्ग म्हणजे दोन कागद घ्यायचे, एकाचे डोके आणि एकाचे धड. लहान मुलांसाठी तो उत्तम. एकाच कागदाचा आग्रह असेल तर त्याचे एक गणित आहे. ते १९९० च्या दशकात जपानमध्ये तोशियुकी मेगुरो आणि अमेरिकेत रॉबर्ट लँग यांनी मांडले. कागदातून जे टोक काढायचे ते एका वर्तुळाएवढा कागद खाते. टोक चौरसाच्या कोपऱ्यातून काढले तर पाव वर्तुळ पुरते, कडेवरून काढले तर अर्धे लागते आणि मधून काढले तर संबंध लागते. टोक जितके लांब तितके वर्तुळ मोठे. ही सारी वर्तुळे एकमेकांवर न चढता चौरसात बसली पाहिजेत. संसारी माणसाला हे गणित नवे नाही. मिळकत ठरलेली आहे. पायांना जास्त दिले तर शेपटीला कमी पडणार. आखूड पायांचा डॅक्सहंड कागदाला परवडतो तो यामुळे. आपला उंच पायांचा गावठी कुत्रा खर्चिक आहे. त्याला मोठा कागद घ्यावा लागतो आणि तो पुरा झाला म्हणजे हातात लहानसाच प्राणी उरतो. बाकीचा कागद कोठे गेला? तो आत आहे, पदरांत दडलेला आहे. न दिसणाऱ्या कागदावरच दिसणारा कुत्रा उभा असतो.

कागदाविषयी दोन शब्द सांगतो. जपानचा हातकागद, त्याला 'वाशी' म्हणतात, तो तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून करतात. त्याचे तंतू लांब असल्यामुळे तो घडीवर तुटत नाही. २०१४ साली युनेस्कोने या कारागिरीची जगाच्या वारशात नोंद केली. बाजारात ओरिगामीचे म्हणून जे चौरस मिळतात ते बहुधा पंधरा सेंटिमीटरचे, एका बाजूला रंग आणि दुसरीकडे पांढरे असतात. पण कुत्र्याच्या चेहऱ्याला काहीही चालते. जुन्या वहीचे पान, लग्नपत्रिकेचा पातळ कागद, दिवाळीच्या मिठाईवरचे वेष्टन. वर्तमानपत्राचा कागद मऊ आणि त्याची घडी लवकर फाटते, तेव्हा तो सरावापुरता घ्यावा. हातकागद आपल्यालाही परका नाही. जुन्नरचा कागद एके काळी दप्तरांसाठी नावाजलेला होता आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे तर नावच कागदावरून पडले आहे. असा जाड हातकागद मिळाला तर योशिझावांची आणखी एक युक्ती करून पाहावी. कागद ओल्या फडक्याने किंचित दमट करावा आणि मग घडी घालावी. खळ सैल होते, कागद कातड्यासारखा वळतो. वाळला की दिलेला बाक तसाच धरून ठेवतो. कुत्र्याच्या पाठीला धारदार घडी शोभत नाही, तिला गोलाई लागते. ती या रीतीने साधते.

आता तो अटळ प्रश्न: याचा उपयोग काय? उपयोग दाखवणे मुळीच कठीण नाही. आपल्याच देशात १८९३ साली मद्रासला टी. सुंदर राव यांनी घडीने भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. बालवाडीचे जनक फ्रोबेल यांच्या घडीकामाच्या साहित्यावरून त्यांना ती कल्पना सुचली. थोर जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्या पुस्तकाचा उल्लेख केला आणि १९०१ साली ते अमेरिकेत पुन्हा छापले गेले. पट्टी आणि कंपास यांनी प्रत्येक कोनाचे तीन समान भाग करता येतीलच असे नाही, ही गोष्ट सिद्ध झालेली आहे. कागदाच्या घडीने मात्र ते करता येतात. जपानी शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांनी शोधलेली एक घडी अशी आहे, की दोन टोके धरून ओढली की सारा कागद एकदम उघडतो. तिच्या रीतीने मिटलेला सौरपट १९९५ साली एका जपानी यानाबरोबर अवकाशात गेला. मघाशी ज्यांचे नाव घेतले ते लँग लेसरचे शास्त्रज्ञ. २००१ साली नोकरी सोडून ते पूर्णवेळ घडीकामाकडे वळले आणि त्यांचा सल्ला यंत्रांची रचना करणारे लोक घेऊ लागले.

हे सगळे खरे आहे, आणि तरीही माझी विनंती आहे, की या उपयोगांसाठी म्हणून कोणी कुत्रा करू नये. आपल्याला प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च मांडण्याची इतकी सवय झाली आहे, की छंदालासुद्धा आपण परवाना मागतो. मूल चित्र काढते, तर परीक्षेत गुण मिळतील का? गाते, तर स्पर्धेत पाठवायचे का? योशिझावांनी आयुष्यात हजारो आकृती केल्या आणि त्या विकल्या नाहीत. दिल्या, किंवा प्रदर्शनांना पाठवल्या. १९५५ साली ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्यांच्या कामाचे प्रदर्शन झाले आणि पश्चिमेला या कलेची खरी ओळख पटली. आपल्याकडे डॉ. अनिल अवचट यांनी अनेक सामाजिक कामे अंगावर घेतली, व्यसनमुक्तीचे काम उभे केले, आणि तेच अवचट ओरिगामी, लाकडातले कोरीवकाम आणि बासरी यांत रमत. 'छंदांविषयी' हे पुस्तकच त्यांनी लिहिले. २०२२ साली ते गेले. एवढ्या व्यापाच्या माणसाला कागदाच्या घडीसाठी वेळ कसा मिळाला, असे आपण विचारतो. मला वाटते, घडीसाठी वेळ ठेवला म्हणूनच तो व्याप त्यांना झेपला असावा.

ज्यांना हा छंद धरायचा आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, पुस्तकातली आकृती पाहून घडी घालताना नजर नेहमी पुढच्या आकृतीवर ठेवा; या घडीने काय व्हायचे आहे ते तेथे दिसते. आता फोनवर हलती चित्रेही मिळतात. आरंभाला ती सोयीची आहेत, पण त्यांच्या मागोमाग हात धावतो आणि डोके मागे राहते. म्हणून एकदा पाहिले की चित्र बंद करून आठवणीने करावे. दुसरी, घडी सावकाश जुळवा आणि मगच नखाने दाबा. कागद एकदा पडलेली घडी विसरत नाही. मात्र तीच घडी एका अंगाने दरी असते आणि दुसऱ्या अंगाने डोंगर. तेव्हा उलटी पडली तर फेकू नका, कागद उलटून पाहा. तिसरी, ज्याने आकृती शोधली त्याचे नाव ठाऊक असेल तर शिकवताना ते सांगा. चालीला कर्ता असतो, तसा घडीलाही असतो. आणि चौथी, केलेला कुत्रा कपाटात ठेवू नका. आगगाडीत समोर बसलेल्या रडव्या मुलाला द्या, इस्पितळात पडून कंटाळलेल्या माणसाच्या उशाशी ठेवा. दिलेला कुत्रा हरवला तरी हरकत नाही. करणाऱ्याच्या हातात दुसरा आहेच.

निवृत्त मंडळींना आणखी एक सुचवावेसे वाटते. नातवंडांना गोष्ट सांगताना आपली आठवण कधी अडखळते, नवे शब्द कळत नाहीत, त्यांची यंत्रे आपल्याला वापरता येत नाहीत. कागदापुढे दोघेही एकाच वयाचे असतात. आजोबांची कड अधिक नीट जुळेल आणि नातीचा कान अधिक जिवंत वळेल. ती विचारील, "आजोबा, तुमच्या कुत्र्याचे कान असे सरळ का?" तेव्हा तिला खुणा समजावून सांगू नका. तिचा कुत्रा हातात घ्या आणि तिने तो कोठून वळवला ते तिच्याकडून शिका.

माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर इतकेच आहे. आपल्या हातांतली पत्रके आता कुत्री झाली आहेत, त्यामुळे उद्याचे व्याख्यान कोणाचे आणि किती वाजता हे त्यांवर वाचता येणार नाही. ते चालक सांगतीलच. जाताना बाहेरच्या फाटकापाशी जो तांबूस कुत्रा निजलेला असतो, त्याच्याकडे एकदा थांबून पाहा आणि त्याचा कान कोठून वळतो ते ध्यानात ठेवा.